डोळे आखायची राहिलेली मूर्ती

वकीलबाईंची आणि माझी पहिली भेट रोह्याला, त्यांच्या घराच्या ओटीवर झाली. त्या गवार मोडत बसल्या होत्या. माझ्या पिशवीत एका व्यापाऱ्याची नोटीस होती. त्यांनी हात पदराला पुसले, नोटीस घेतली, दोनदा वाचली आणि विचारलं, "वहिनी, तुम्ही स्वतः वाचलीत का ही?"

"वाचली. पण कळली तेवढी कळली."

"काय कळलं?"

"आमच्या ह्यांनी घडवलेला गणपती ह्यांनी घडवलेलाच नाही, असं लिहिलंय."

"मग सगळी कळली," त्या म्हणाल्या आणि गवारीची टोपली बाजूला सारली.

ॲडव्होकेट कुमुदताई शेरमकर यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथात त्यांच्या कायद्याच्या अभ्यासाविषयी जाणकार मंडळी लिहितील. मी पेणच्या गणपतीच्या कारखान्यातली बाई. शाळा चौथीपर्यंत झाली. पुढचं वाचन मूर्ती गुंडाळायला आणलेल्या रद्दीवर झालं आणि मग वाचनालयात. म्हणून मला जे दिसलं तेवढंच लिहिते.

ताई मूळच्या रोह्याच्याच. मुंबईत कायदा शिकल्या. तिथे एका मोठ्या ऑफिसात औषधांच्या नावांचे ट्रेडमार्क, कंपन्यांची पेटंटं असली कामं त्यांनी बरीच वर्षं केली. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा त्या परत आल्या आणि इथेच राहिल्या. दारावर पाटी लावली. लोक सातबारा घेऊन यायचे. ताई त्यांना दुसऱ्या वकिलांचा पत्ता सांगायच्या. गावात त्यांना "बांध नसलेल्या शेताची वकील" म्हणत. हे त्यांनीच मला हसत सांगितलं होतं. माणसाने डोक्यातून काढलेली वस्तू त्याची असते आणि तिलाही हद्द असते, हे पटवायला त्यांचा निम्मा जन्म गेला असेल.

पण ती हद्द त्या आपल्या पक्षकाराला फुगवूनही देत नसत. एकदा मी त्यांच्या ओटीवर असताना एक पोह्याच्या गिरणीचे मालक आले होते. शेजारच्या गिरणीने पिशवीवर भाताची लोंबी छापली, आमच्या पिशवीवरही लोंबी आहे, तर दावा लावा, असं त्यांचं म्हणणं. ताई म्हणाल्या, "लोंबी तुमची नाही हो, भाताची आहे. तुमचं नाव वापरलं तर या." ते रागावून दुसऱ्या वकिलांकडे गेले. ताईंनी चहाचा कप उचलून आत नेला, एवढंच.

आता माझ्या दाव्याचं सांगते. माझे यजमान दत्ताराम यांनी एक मूर्ती घडवली होती. गणपती मांडी घालून बसलेला नाही. एक गुडघा उभा, डावा हात मागे जमिनीवर टेकलेला, जसा मिठागरातून आलेला माणूस घरी ओटीवर बसतो तसा. कासू गावाकडची माणसं त्याला 'टेकलेला गणपती' म्हणत आणि दरसाल तोच मागत. एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याने आमच्याकडून काही मूर्ती नेल्या होत्या. त्यांवरून त्याने साचे काढले. हे गेल्यावर त्याने कुठूनसा आपल्या नावाचा नोंदणीचा कागद करून घेतला आणि मलाच नोटीस पाठवली, की ही मूर्ती आमची, तुम्ही करायची नाही. मग दावाही लावला. माझा कारखाना त्या एका मूर्तीवर उभा होता. त्याहून मोठं म्हणजे, ह्यांचं माझ्याजवळ राहिलेलं तेवढंच होतं.

ताईंनी विचारलं, "दत्तारामभाऊंच्या हातची जुनी मूर्ती आहे?"

असणार कुठून? आमचं काम दरसाल पाण्यात जातं. ह्यांच्या हातचा मूळ नमुनाही आम्ही एका वर्षी घरात बसवला होता आणि नेहमीप्रमाणे भोगावती नदीत सोडला. आपल्या हातचं म्हणून काही जपून ठेवायची आमच्यात रीतच नाही.

एक मूर्ती मात्र होती. ती मी कुणाला दाखवत नव्हते. हे घरच्या गणपतीचे डोळे सगळ्यात शेवटी आखत, गिऱ्हाइकांच्या मूर्ती गेल्यावर. त्या वर्षी चतुर्थी तोंडावर असताना हे गेले. सुतकात गणपती बसला नाही. रंग झालेली, डोळे कोरे राहिलेली ती मूर्ती फळीवर तशीच राहिली. मी तिच्यावर फडकं टाकलं होतं.

ताई पेणला आल्या तेव्हा मी फडकं काढलं. त्यांनी वाकून मूर्तीचा मागे टेकलेला हात पाहिला. मग म्हणाल्या, "वहिनी, ही मला कोर्टात लागेल. पण तुम्ही हो म्हणाल तरच. नाही म्हणालात तर दुसरं काहीतरी शोधीन." हो म्हणायला मी दोन महिने घेतले. त्यांनी एकदाही विचारलं नाही. त्या दोन महिन्यांत त्या आसपासच्या गावांतून घरोघर फिरत होत्या, भिंतीवरच्या गणपतीच्या फोटोंसाठी.

मग अलिबागच्या तारखा सुरू झाल्या. साहेब रजेवर, समोरचे वकील आजारी, पुढली तारीख. रोह्याहून अलिबागला सरळ एसटी होती. तरी ताई सकाळच्या पॅसेंजरने पेणला उतरायच्या, कारखान्यात येऊन मला घ्यायच्या आणि मग आम्ही अलिबागची गाडी धरायचो. पेणला काम असतं, असं त्या सांगत. त्यांचं पेणला काही काम नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं. मला एकटीला कोर्टात जायची भीती वाटते, हे मी त्यांना कधी बोलले नव्हते.

किती वर्षं असं चाललं. मी थकले. समोरून तडजोडीचा निरोप आला, की मूर्ती करत राहा, फक्त आमच्या परवानगीने. अलिबागच्या स्टँडवर मी ताईंना म्हणाले, "देऊन टाका त्यांना काय हवं ते. मला आता चढवत नाहीत त्या पायऱ्या."

बाकी कुणीही मला धीर धरायला सांगितलं असतं. ताई म्हणाल्या, "मीही दमलेय वहिनी. थांबायचं तर थांबू, त्यात कमीपणा नाही. फक्त सही करण्याआधी कागद तुम्ही स्वतः वाचा. मी वाचून दाखवणार नाही."

मी बाकावर बसून वाचला. मधे एक वाक्य होतं. मयत दत्ताराम हे व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून रोजंदारीने काम करणारे कारागीर होते. मी कागदाची घडी घालून ताईंना परत दिली. त्यांनी विचारलं, "मग?" मी म्हटलं, "पुढली तारीख कधी आहे?"

पुढे कासूच्या हिराआजींची साक्ष झाली. त्यांचा जन्म मिठागरात गेलेला. सुनेच्या पहिल्या ववशाचा, म्हणजे नवी सून गौरीपुढे सुपं ठेवते त्या वेळचा, फोटो घेऊन त्या आल्या होत्या. फोटोत मागे टेकलेला गणपती. व्यापाऱ्याच्या कागदाहून फोटो कितीतरी जुना. त्याच्या शेजारी टेबलावर आमची कोऱ्या डोळ्यांची मूर्ती ठेवलेली.

समोरचे वकील म्हणाले, "आजी, गणपती सगळे सारखेच दिसतात. हाच तो, कशावरून?"

आजी म्हणाल्या, "तुमचा कोट काला, या बाईचा बी कालाच. म्हनून मी तुमाला तिच्या जागेवर बसवलं का?"

न्यायाधीशसाहेबांनी खाली मान घालून लिहायला घेतलं. ताई हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर मात्र त्यांना पायरीवर बसावं लागलं इतक्या हसल्या. "हिराआजी, तुम्ही माझ्या ऑफिसात बसा." "नाय गो बाय. तुझ्याकडं बसून काय, तारखाच ना?"

निकाल आमच्या बाजूने लागला. 'सदर मूर्ती मूर्तिकार दत्ताराम यांची निर्मिती आहे,' असं त्यात लिहिलं आहे. मूर्तिकार मूर्तीवर नाव घालत नाही. ह्यांचं नाव ह्यांच्या कामाशेजारी लिहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

माझ्या दिरांनी लगेच सुचवलं, की आता आमच्या आळीतल्या दोन कारखान्यांनाही नोटिसा द्या, तेही टेकलेला करतात. ताईंनी मला विचारलं, "भाऊ असताना ते करत होते?"

"करत होते. ह्यांनीच साचा दिला होता."

"मग झालं. त्यांनी दिलेलं तुम्ही परत कसं घेणार?"

मूर्ती कोर्टातून सोडवायला पुन्हा खेपा झाल्या. शेवटी मिळाली. मी जुन्या लुगड्यात गुंडाळली. पेणच्या गाडीत ताईंनी ती आपल्या मांडीवर घेतली. कंडक्टर म्हणाला, "वकीलबाई, देवाचं हाफ तिकीट फाडू का?"

"अजून डोळे आखायचे आहेत," ताई म्हणाल्या. "सामानात धरा."

कारखान्यात आल्यावर त्यांनी मूर्ती फळीवर ठेवली. म्हणाल्या, "माझं काम संपलं वहिनी. आता हिला मोकळी करायला हरकत नाही." मी म्हटलं, "इतक्यात नको." त्यावर त्यांनी का, कधी, काही विचारलं नाही. फडकं झटकून माझ्या हातात दिलं.

मूर्ती अजून तिथेच आहे. दरवर्षी गिऱ्हाइकांच्या मूर्तींचे डोळे मीच आखते. हात चांगला बसला आहे, असं लोक म्हणतात. या एका मूर्तीपाशी मात्र कुंचला घेऊन जाते आणि परत येते. कधीतरी होईल. त्या वर्षी गणपती आमच्या घरी बसेल आणि ह्यांच्या हातचं शेवटचं काम मी भोगावतीत सोडून येईन. नदीवरून परत येताना मला एकटीला यायचं नाही. म्हणून ताईंनी पुष्कळ जगावं, गुडघे सांभाळावेत, वेळेवर जेवावं. पॅसेंजरने पेणला उतरून मला घेऊन जावं. काही काम होतं म्हणून आले, असंच सांगावं.