हवा काढलीत का?

त्या पावसाळ्यात आमची ईएमई, म्हणजे लष्कराची यंत्रदुरुस्तीची तुकडी पूर-ड्युटीवर नागोठण्याला होती. मी हवालदार, रोह्याचा. माझा जोडीदार नायक भोईर पेणचा, घरी गणपतीचा कारखाना. सकाळी सहाला फॉल-इनची हजेरी, मग यंत्रांची तपासणी. हायड्रॉलिक जॅकचा पाइप बदलला की सिलिंडरमध्ये हवा राहते. ती काढायला सिलिंडर पंपाच्या खाली धरून दांडा पूर्ण बाहेर, पूर्ण आत, असं चार-पाच वेळा करायचं. चार मिनिटांचं काम. भोईर म्हणायचा, "उस्ताद, साच्यात हवा राहिली तर बाप्पाच्या नाकाला भोक पडतं."

त्या दिवशी नऊ वाजता पाइप मीच बदलला. तेवढ्यात रेडिओ बोलला, "आंबा नदीकाठी घर कोसळलंय. बाई अडकलीय. ताबडतोब निघा. ओव्हर."

"रॉजर. निघतो. आउट."

भोईरने विचारलं, "हवा काढलीत का?"

"बाई मरायला टेकलीय आणि तुला हवेची पडलीय? बस गाडीत!" माझं डोकं तापट, तेव्हाही आणि आजही.

नऊ चाळीसला पोचलो. शेजारी म्हणाले, स्लॅबखाली हमीदाचाची आहे, लेक कुवेतला. मी पंप मारला, स्लॅब वीतभर उचलला. भोईर आत सरपटला.

"उस्ताद, दांडा मऊ लागतोय. हवा हाय."

"बाहेर ये!"

"नाय. चाचीला धरलंय. ओढा."

शेजाऱ्यांनी चाचीला ओढून काढलं. त्या ओढाताणीत स्लॅबचा भार सरकला, आतली हवा दबली आणि दांडा दोन बोटं खाली बसला. दोनच बोटं, पण भोईरच्या छातीवर.

पंप मारला तरी दांडा दबतच होता. जॅक सोडला तर सगळा स्लॅब त्याच्यावर. शेजाऱ्यांनी वासे आणून खाली सारले, तेव्हा कुठे सिलिंडर मोकळा झाला. मी हवा काढायला बसलो. दांडा बाहेर, आत.

आतून बारीक आवाज आला, "घाई नका करू. नीट काढा."

चार मिनिटं लागली. मग दांडा दगडासारखा घट्ट झाला, स्लॅब उचलला. भोईर गेला होता. चाची चिखलात बसून विचारत होती, "त्यो पोर आला का भायेर?" मी म्हणालो, "येतोय."

चौकशीत मी सगळं खरं सांगितलं. शिक्षाही भोगली. भोईरच्या घरी मात्र तोंड उघडायला मला निवृत्त व्हावं लागलं. पेणला कारखान्यात त्याचा थोरला भाऊ साच्यात प्लास्टर ओतत होता. उभ्यानेच बोललो. पाइप मी बदलला, हवा मी काढली नाही, भोईरने विचारलं होतं.

भावाने साचा काठोकाठ भरला. मग भरलेला साचा त्याने माझ्यापुढे सरकवला.

"हलवा," तो म्हणाला. "हवा राहाला नाय पायजे."

तेव्हापासून दरवर्षी भोईरच्या घरच्या गणपतीचा साचा मी हलवतो. चार मिनिटं, घड्याळ लावून.