शेजारणीचं अहोय

सिंगापूरला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एक चेक कुटुंब राहायला आलं, तेव्हा त्यांचा देश नुकताच युरोपियन युनियनमध्ये गेला होता आणि माझ्या घरची शांतता जाणार होती. झालं इतकंच, की लिफ्टपाशी ती बाई मला बघून हसली आणि म्हणाली, "अहोय."

शेवटचा य बरोबर असलेल्या बायकोला ऐकूच आला नाही. मला अहो म्हणणारी जगात ती एकटीच होती.

"ही तुम्हाला अहो कधीपासून म्हणते?"

"मला काय माहीत?" मी म्हणालो. खरं असूनही ते खोटं वाटलं. मग मी लिफ्ट सोडून अकरा मजले जिन्याने उतरू लागलो. ऑफिसात लक्ष लागेना. त्यातून, कबूल करायला हरकत नाही, थोड्या गुदगुल्याही होत होत्या.

शेवटी इथल्यासारखं प्रत्येक वाक्याला 'लाह' जोडणाऱ्या लेकीनेच उलगडा केला. "बाबा, शी सेज दॅट टू एव्हरीबडी, लाह. त्यांच्यात हॅलोला अहोय म्हणतात." शब्द म्हणे खलाशांचा, आणि त्यांच्या देशाला समुद्रच नाही. वॉचमनला अहोय, पोस्टमनला अहोय, खालच्या मांजरालाही अहोय.

मला वाटलं, सुटलो. बायको मात्र विचारात पडली.

"म्हणजे मांजरही अहो आणि तुम्हीही अहो. मग मी आपलं दुसरं काहीतरी म्हणते."

तेव्हापासून ती मला नावाने हाक मारते. घरात नावाने हाक मारायची ती फक्त आई, तीही रागावली की. त्यामुळे हाक आली की मी आधी काय चुकलं ते आठवतो आणि मग ओ देतो.