बॉयलरची चौकशी

जगात चौकशी न करता घडलेली एकच गोष्ट म्हणजे मामांचा स्वतःचा जन्म, आणि त्याबद्दलही त्यांनी पुढे संबंधितांना गाठून खडसावून विचारलं असणार, असा माझा दाट संशय आहे. मामा म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. तीस वर्षांपूर्वी पुण्याहून नेदरलँड्सला आले, टिलबर्गच्या एका कारखान्यात यंत्रांचे सुटे भाग तपासण्याचं काम त्यांनी जन्मभर केलं, आणि निवृत्त झाल्यावरही त्यांची तपासणी काही थांबली नाही. सुपरमार्केटमध्ये एक फ्लॉवर घ्यायचा तर सात उलटेपालटे करतील, आणि मग फळ्यांवर माल लावणाऱ्या मुलीला विचारतील, "हा आला कधी? आणि कालचे उरलेले कुठे ठेवलेत?" घराजवळचा डॉक्टर निवडायची वेळ आली तेव्हा मामांनी त्या डॉक्टरलाच समोर बसवून त्याची मुलाखत घेतली होती. शेवटचा प्रश्न होता, "तुम्ही स्वतः आजारी पडलात तर कुणाकडे जाता?" त्या सरळ माणसानं नाव सांगितलं. मामांनी त्याचे आभार मानले आणि त्या दुसऱ्या डॉक्टरकडे नाव नोंदवलं.

नात्यात कुणाचं लग्न जमत आलं की सगळे मामांना साकडं घालत. मुलगा अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडासला, मोठ्या कंपन्यांच्या वस्तीत, काचेच्या टॉवरमध्ये कामाला आहे, एवढ्यावर मुलीकडचे खूश होऊन पेढे वाटायला निघत. मामा मात्र ट्रेननं अ‍ॅमस्टरडॅमला जात, मुलाच्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंची बेल वाजवत, आणि हा पोरगा जिन्यात सायकल आडवी लावतो का, हे विचारून येत. जिन्यात सायकल आडवी लावणारी दोन स्थळं त्यांनी माझ्यादेखत नाकारली आहेत. माझीही चौकशी झाली होती. ती कुणाकडे केली हे मामा अजून सांगत नाहीत, पण लग्नानंतर पहिल्याच भेटीत त्यांनी मला विचारलं, "काय जावईबापू, कॉलेजात उसन्या नेलेल्या वह्या परत केल्यात का?" मी केल्या नव्हत्या.

अशा माणसाच्या घरातला बॉयलर गेल्या नोव्हेंबरात बंद पडला. मामांचं घर टिलबर्गबाहेर, एका खेड्याच्याही पलीकडे आहे. गॅसची पाइपलाइन खेड्यातल्या शेवटच्या घरापाशी थांबते आणि मामांचं जुनं शेतघर त्याच्याही पुढे. त्यामुळे परसात तेलाची टाकी आणि त्या तेलावर चालणारा बॉयलर, एवढीच त्या घराची ऊब. गावातल्या मेकॅनिकनं आत डोकं घालून पाहिलं आणि आता दुरुस्ती नाही, नवाच बसवा, असं सांगून तो गेला. एरवी मामांनी ही बातमी आनंदानं घेतली असती. चौकशीला अख्खा हिवाळा मिळाला असता. पण अकरा दिवसांनी, शनिवारी, त्यांची एकुलती एक मुलगी मुक्ता तिच्या तीन वर्षांच्या ईराला घेऊन कायमची घरी येणार होती. अ‍ॅमस्टरडॅमच्या बुइटनव्हेल्डर्ट भागातल्या फ्लॅटवरचा तिचा संसार मोडला होता. ईराची छाती थंडीत भरते, श्वासाला शिट्टीसारखा आवाज यायला लागतो. मुक्तानं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, घर गरम नसेल तर मला तिला तिथं ठेवता येणार नाही. मग दुसरी जागा मिळेपर्यंत आम्ही इथंच, त्याच्याबरोबर." अ‍ॅमस्टरडॅमात दुसरी जागा मिळणं म्हणजे काय, हे इथं राहणाऱ्या कुणालाही समजवायला नको.

मी त्यांच्या जागी असतो तर त्याच दुपारी इंटरनेटवर चार अभिप्राय वाचून बॉयलर मागवला असता. मामांनी नवी वही काढली. मी म्हटलं, "मामा, आता सगळे विजेवर चालणारे हीट पंप घेतात." तर म्हणाले, "स्थळ उत्तम आहे, पण फार मोठ्या घरचं. त्याला आधी भिंतींत ऊब धरून ठेवणारं अस्तर भरायला हवं, खिडक्या दुहेरी हव्यात, आणि तोवर उन्हाळा येईल. मुक्ता शनिवारी येतेय." मग रोज संध्याकाळी मी ऑफिसातून सुटलो की फोन यायचा, "जावईबापू, गाडी काढा." आसपासच्या खेड्यांत तेलाचा बॉयलर असलेली घरं ते परसातल्या टाक्यांवरून हेरत, दार वाजवत, आणि अस्खलित डचमध्ये सांगत की आम्ही तुमचा बॉयलर बघायला आलोय. ब्राबंटची, म्हणजे आमच्या या प्रांतातली, माणसं मोकळी, त्यामुळे कुणी हाकललं नाही. मामा बॉयलरच्या खोलीबाहेर बूट काढत, पत्र्याला कान लावून डोळे मिटत, आणि मग घरमालकाला विचारत, "आजारपणात कसा वागतो?" एका शेतकऱ्यानं फार अभिमानानं आपला नव्या पद्धतीचा, सडपातळ, चकचकीत पडद्याचा बॉयलर दाखवला. तेल कमी खातो, फोनवरून चालतो, सगळं छान; फक्त गेल्या वर्षी आतलं सर्किट गेलं तेव्हा परदेशातून नवं यायला नऊ दिवस लागले. मामांनी वहीत लिहिलं, "दिसायला देखणा. घरचे लांब राहतात."

इकडे घरात मामी स्वेटरवर स्वेटर चढवून वावरत होत्या. विजेचे दोन हीटर आणले होते, पण स्वयंपाकही विजेवरच. हीटर चालू असताना शेगडी लावली की फ्यूज उडायचा. त्यामुळे मामींना रोज पोळ्या की ऊब हे ठरवावं लागे. नवव्या दिवशी त्यांचा संयम संपला. "अहो, दोन उरलेत ना वहीत? मग एक घ्या की!" मामांनी नुसतं "बघतो" म्हटलं. वहीत खरोखरच दोनच उरले होते, एक तो देखणा, आणि दुसरा ओतीव लोखंडाचा, बुटका, रागावलेल्या चेहऱ्याचा, थोडं जास्त तेल पिणारा. मेकॅनिकनं बजावलं होतं की शनिवारी दुपारपर्यंत सांगितलंत तर मंगळवारी बसवतो, नाहीतर पुढचे तीन आठवडे मला वेळ नाही. मला आता मामांचा राग यायला लागला होता. पोरीचं घर मोडलंय आणि हे पत्र्याला कान लावत फिरताहेत, असं मी बायकोजवळ बोललोही.

शुक्रवारी आम्ही शेवटच्या घरी गेलो. तिथं सत्तरीच्या पुढच्या एक डच बाई एकट्या राहत. त्यांच्याकडे त्याच बुटक्या लोखंडी जातीचा बॉयलर होता, सव्वीस वर्षांचा. मामांनी विचारलं, एवढा टिकला कसा? बाई म्हणाल्या, "यात विशेष काही नाही. दर सप्टेंबरात माणूस येऊन साफ करून जातो. आणि मला त्याचा आवाज ओळखीचा आहे. आवाज बदलला की मी थांबत नाही, लगेच विचारते." मामांनी हे वहीत लिहिलं नाही. पत्र्याला कानही लावला नाही. बाईंचा निरोप घेऊन ते गाडीत येऊन बसले, आणि परतीच्या वाटेवर पहिला सिग्नल लागला तेव्हा बोलायला लागले.

"मुक्ताच्या वेळी मी एकही दार वाजवलं नाही, जावईबापू," ते म्हणाले. "माझ्या जिवलग मित्राचा पुतण्या. त्याची काय चौकशी करायची, म्हटलं. मलाच लाज वाटली. सगळ्या गावाची स्थळं तपासली आणि घरचं एक सोडून दिलं." मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो, पण त्यांचं संपलं नव्हतं. "आणि तिचा आवाज बदलला होता हो. फोनवर तो आसपास असला की ती हळू बोलायची. मला कळत होतं. मी विचारलं नाही." सिग्नल हिरवा झाला होता आणि मी गाडी तशीच उभी ठेवली होती. माझा राग कुठल्या कुठे गेला. इतका हुशार माणूस आता निवडायलाच घाबरत होता, आणि त्या भीतीला मी विक्षिप्तपणा समजत होतो.

शनिवारी मुक्ता आली तेव्हा मेकॅनिक स्वयंपाकघरात उभा होता आणि टेबलावर दोन बॉयलरची पत्रकं पडली होती. घरात थंडी होती. मुक्तानं अंगातला कोट काढला नाही. ईराला तिनं हीटर असलेल्या एकमेव खोलीत मामींकडे दिलं आणि दारात येऊन म्हणाली, "बाबा, दोन-तीन रात्री एका खोलीत काढू आम्ही. त्याहून जास्त नाही. तिला थंडी बाधली तर मी उद्याच परत जाते." आतून ईरा खोकली. मेकॅनिकनं घड्याळाकडे पाहिलं. मामांनी एक पत्रक उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. मग पुन्हा पहिलं हातात घेतलं. मामी आतून म्हणाल्या, "अहो, सांगा ना काहीतरी."

मामांनी दोन्ही पत्रकं मुक्तापुढे धरली. "तू सांग. तुला कुठला पसंत आहे?"

"मी? मला काय कळतंय त्यातलं, बाबा?"

"मग विचार त्यांना. हवं ते विचार. मागच्या वेळी मी तुला विचारलंच नव्हतं."

मुक्तानं दोन्ही पत्रकं त्यांच्या हातातून घेतली. मग तिनं खुर्ची ओढली, मेकॅनिकलाही बसायला सांगितलं, आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. हा बिघडला तर येणार कोण? तुम्ही राहता कुठे? तुम्ही सुटीवर असलात तर? टाकीच्या तळाचा जुना गाळ नव्या बॉयलरला त्रास देणार नाही का? आणि तुमच्या आईच्या घरी बसवायचा असता तर यातला कुठला बसवला असता? या शेवटच्या प्रश्नाला मेकॅनिक पहिल्यांदाच हसला आणि त्यानं बुटक्या लोखंडी बॉयलरवर बोट ठेवलं. "मग हाच," मुक्ता म्हणाली. काडेपेटीवरचा मजकूरसुद्धा दोनदा वाचणाऱ्या मामांनी कागद न वाचता सही केली. मी शेजारीच उभा होतो. ते माझ्या कानाशी म्हणाले, "किती छान चौकशी करते हो. मला माहीतच नव्हतं."

ईराची छाती त्या तीन रात्री सांभाळली गेली, आणि मंगळवारी घर गरम झालं. आता आम्ही रविवारी जातो तेव्हा मुक्ता स्वयंपाकघरातून इतक्या मोठ्यानं हाका मारते, की मामी कानावर हात ठेवतात. मामांकडे स्थळाच्या चौकशीसाठी फोन अजून येतात. मुलगा कुठे राहतो, काय करतो, सगळं लोक भडाभडा सांगतात. मामा शांतपणे ऐकून घेतात, आणि म्हणतात, "ते मी बघीन नंतर. आधी मुलीला फोन द्या." मग ते दार लावून घेतात आणि बराच वेळ तिचं ऐकत बसतात.