मारव्यात श्वासाची जागा

मारवा तीन वाद्यांसाठी बसवायला घेतला तेव्हा हार्मोनियमवर मी होते, व्हायोलिनवर मैत्रीण आणि क्लॅरिनेटवर कसबा पेठेतले एक काका. काकांचं आयुष्य लग्नाच्या बँडमध्ये वाजवण्यात गेलेलं. त्यांचा कोमल रिषभ एकदा ऐकल्यावर मला दुसरं कुणी नको होतं.

मैफलीच्या आयोजकांना मात्र काका नको होते. "क्लॅरिनेट वाजलं की लोकांना वरात आठवते हो," ते फोनवर म्हणाले. "आपली मैफल शास्त्रीय आहे. दोघीच बसा."

मी चळवळीच्या, पत्रकांच्या घरात वाढले. सभेआधी घरी गठ्ठे यायचे आणि त्यांच्या घड्या घालता घालता माझी अक्षरओळख झाली. त्यामुळे अन्याय दिसला की मला आधी मथळा सुचतो, उपाय नंतर. या वेळी उपायही सुचला. सगळी रचना पुन्हा लिहायची, अशी की काकांना वगळलं तर हातात काहीच उरू नये. मुख्य सुरावट त्यांना, ताना त्यांना. मारव्यात षड्ज आधीच हुलकावण्या देतो. तो अखेर लागतो तिथेही काकाच. ते लिहून होईपर्यंत मला धड एका जागी बसवत नव्हतं.

वारज्याला मैत्रिणीच्या घरी तालीम झाली. काका वाजवत गेले, लाल होत गेले आणि मध्येच थांबले.

"अगं, श्वास कुठे घेऊ?"

मी कागद पाहिला. कुठेच जागा नव्हती.

"हिला गज आहे, तुला भाता आहे. मला छाती एकच. मला कुणी काढू नये म्हणून लिहिलंयस ना हे? त्यांनी काढायच्या आधी मी इथंच आडवा होईन."

"काका, तुम्ही थांबलात की ते म्हणणार, बघा, यांच्याशिवाय चालतंय."

"म्हणू दे. वरातीत मी दम घेतो तेव्हा नवरदेव घोड्यावरून उतरतो का?"

मैत्रीण हसत सुटली. मला हसू येईना, पण जागा सोडल्या. तिथे व्हायोलिन एकच धैवत लांबवत राही आणि गज वळला की त्या खुणेवर काका आत येत. थांबून आलेला तो रिषभ अंगावर येई.

आयोजक ऐकायला आले. संपल्यावर म्हणाले, "वाजवू द्या त्यांना. फक्त मागे बसवा, जरा बाजूला."

मी उठलेच. भाषण तयार होतं.

"मागे नाही चालणार," मैत्रीण गजाला राळ लावत म्हणाली. "ते थांबतात आणि माझा गज बघून परत येतात. मागून गज दिसत नाही. ते चुकले तर मैफल तुमची चुकेल."

आयोजकांनी आमच्या तिघांच्या बैठकीकडे नीट पाहिलं. "मग अर्धगोल बसा," म्हणाले आणि चपला घालून गेले.

काकांनी क्लॅरिनेट पुसलं, चहा मागितला. मी अजून उभीच होते. वरातीबद्दलच्या त्या वाक्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. काकांना पुढची जागा मिळाली ती गज दिसावा म्हणून, त्यांच्या हक्काची म्हणून नाही.

मैत्रीण मला स्कूटरवर घरी सोडायला निघाली, तेव्हा मागे बसून मी ते भाषण पहिल्यापासून म्हटलं. सिग्नलला तिने मान वळवली.

"हळू. शेजारचे रिक्षावाले ऐकतायत."

"ऐकू दे," मी म्हणाले आणि पुढचा मुद्दा घेतला.