मुक्या माराचा देव

आमच्या गावात लागलं म्हणजे रक्त यायला पाहिजे. हात मोडला तर तो गळ्यात लोंबला पाहिजे, पाय मोडला तर माणूस बाजेवरून न्यावा लागला पाहिजे. आकारामअण्णाला यातलं काहीच झालं नाही, आणि त्याच्या सगळ्या हालांचं मूळ तेच.

आकाराम आमचा शेजारी. गाव कोरेगावच्या बाजूला, विहिरीवर मोट आणि मोटेच्या जिवावर थोडा ऊस. माणूस इतका गरीब, की बैलालाही 'चल की बाबा' म्हणायचा. मोट हाकणारा बैलांबरोबर उताराला लागला की नाड्यावर, म्हणजे मोट ओढणाऱ्या जाड दोरावर, बसतो. त्याच्या वजनानं भरलेली मोट वर यायला मदत होते. त्या फाल्गुनात नेमका तो नाडा तुटला. बैलं पुढं धडपडली, आकाराम मागं उताणा गेला आणि डोकं दगडावर आपटलं. तो उठला, धोतर झटकलं, "काय न्हाई झालं" म्हणाला. मग मला विचारलं, "आज वार कंचा रं?"

"गुरुवार."

तोंड धुऊन आला आणि पुन्हा तेच. पाणी प्याला, पुन्हा तेच. मी गंमत म्हणून शनिवार सांगून पाहिलं, तर तोही त्याला चालला. मग त्याला भडाभडा ओकारी झाली आणि माझी गंमत संपली.

त्याचा मेहुणा सांगलीच्या हळदपेठेत हमाल होता. त्याच्या ओळखीनं तिथल्या एका डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली, बोट नाकाला लावायला सांगितलं. आकारामनं ते डॉक्टरांच्या नाकाला लावलं.

"मेंदूला मुका मार बसलाय," डॉक्टर नाक पुसत म्हणाले. "औषध एकच. अंधार, शांतता, झोप. गलका, ऊन, धूर यांपासून लांब ठेवा. नाही ऐकलंत तर हे डोकं कायमचं असंच राहील."

"किती दिस ठेवायचं?" रंगूबाईनं, त्याच्या बायकोनं विचारलं.

"ते डोकंच सांगेल, बाई."

अंधाराची अडचण नव्हती. लढाईमुळं रॉकेल दिसेनासं झालेलं, तेव्हा अख्ख्या गावालाच डॉक्टरनं अंधार लिहून दिला होता. अडचण होती शांततेची. शेजारी जातं फिरायला लागलं की आकाराम कान दाबायचा. पडून राहिला तर अंगात मुंग्या चालायच्या, उठला तर घर फिरायचं, आणि घर फिरू नये म्हणून तो स्वतःच झुलायचा. बसला की उठायचा, उठला की बसायचा. रंगूबाई म्हणायची, "बाळंतिणीची राखण बरी, पर ह्यांची नको."

त्यात भावकीतले नानासो समाचाराला आले. नानासो कानात सांगायला लागले तरी शिवारात ऐकू जातं. "काय आकाराम, लागलं तर कुटंच दिसत न्हाई!" असं ते गरजले आणि ज्यानं बैलाला कधी शिवी दिली नाही तो आकाराम ओरडला, "तोंड मिटा की वं नानासो! डोस्क्यात हातोडा पडतोय!"

नानासोंनी खरोखरच तोंड मिटलं. गावाला हाच मोठा चमत्कार वाटला. "ह्ये आकारामचं बोलणं न्हवं," असं लोक म्हणायला लागले.

मग कुणाचं, हे रविवारी कळलं. घरात जीव रमेना म्हणून आकाराम बाहेर पडला, आणि तो भैरोबाच्या देवळासमोर असतानाच आरतीचा ढोल सुरू झाला. त्यानं डोकं गच्च धरलं, डोळे मिटले, गरगरा झुलला आणि "बंद करा, बंद करा!" म्हणत गुडघ्यांवर बसला. कोंडीबा गुरवानं लगेच त्याच्या कपाळाला गुलाल फासला.

"कोण हायस तू?"

"कोण म्हंजे? आकाराम!"

"पयल्यांदा झाड खरं नाव सांगत न्हाई," कोंडीबा लोकांना म्हणाला. ज्याच्या अंगात देव येतो त्याला आमच्याकडं झाड म्हणतात. ढोल आणखी जोरात वाजवायला सांगून त्यानं ऊदाची वाटी आकारामच्या नाकाखाली धरली. डॉक्टरांनी जे जे टाळायला सांगितलं होतं, ते ते कोंडीबानं न ऐकताच बरोबर जमवलं.

तिथून दर रविवारी मिरवणूक दारात. हलगी, धूर, भर उन्हात पाटावर आकाराम. तो झुलला की लोक पाया पडायचे, ओरडला की जास्तच पडायचे. नंतर तो दोन दिवस भिंतीकडं तोंड करून ओकत पडे. कोंडीबाकडं त्याचंही उत्तर होतं, "देव जाताना तरास देतोच." मोट बंद होती, आणि येणारं जोंधळं, गूळ, नारळ रंगूबाईला नाकारवत नव्हतं. पदरात घेताना ती कुणाकडं बघत नसे.

एकदा मला जवळ बोलावून आकाराम म्हणाला, "तू शाळा शिकलायस. खरंच आलं आसंल का रं माज्या अंगात? मला तर काय बी कळत न्हाई. नुसतं दुखतंय."

मी शाळेत शिकलेलं सगळं आठवून पाहिलं. त्यात हे नव्हतं.

पुढच्या रविवारी बनुबाई कौल मागायला आली. तिचा पोरगा ब्रह्मदेशात पलटणीबरोबर, बरेच दिवस खुशाली नाही.

"पोराचं नाव काय?" आकारामनं विचारलं.

"गुंडा, देवा."

हलगी वाजत राहिली. थोड्या वेळानं त्यानं परत विचारलं, "पोराचं नाव काय?" आणि मग आणखी एकदा. बनुबाई डोळे पुसत उठली. "देव नाव पाठ करतोय," ती म्हणाली. गावात दुसरं कुणी ते नाव विचारतच नव्हतं. मला हसू येणार होतं, पण आकारामकडं लक्ष गेलं. तो रडकुंडीला आला होता. नाव आपण आत्ताच ऐकलंय एवढं त्याला कळत होतं, पण ते सापडत नव्हतं.

रंगूबाईनंही ते पाहिलं. हलगी पुन्हा चढली तशी तिनं हातातली परात खाली ठेवली, अंबाडा सोडला आणि अशी घुमायला लागली की हलगीवाला ताल चुकला.

"आई, कोण आलीस?" कोंडीबा गडबडला. एका दारात दोन देव त्यानं कधी हाताळले नव्हते.

"यमाई! भैरोबाची भन! माजा भाऊ दमलाय, त्येला नीज लागू द्या! दसऱ्यापातूर ह्या दारात वाजाप न्हाई, धूर न्हाई, कौल न्हाई! जो वाजवंल त्येच्या गोठ्याला कुलूप लागंल!"

भैरोबापेक्षा त्याच्या बहिणीला गाव जास्त भितं. हलगी जागीच थांबली. यमाई खरंच आली होती का, हे रंगूबाईला विचारायची माझी छाती अजून झालेली नाही.

पण शांतता पाळावी तर आमच्या गावानंच! कोंडीबा स्वतः आळीच्या तोंडाशी बसून कुत्री हाकलायला लागला. कल्हईवाल्याला वेशीवरूनच परत पाठवलं. एका कोंबड्यानं पहाटे आरवायचं धाडस केलं, त्याचं यमाईच्या नावानं कालवण झालं.

आकारामला आधी ही शांतता सोसेना. "ह्याच्यापरीस हलगी बरी हुती, निदान थांबायची तरी," तो म्हणायचा. कूस बदलायचा, दारापर्यंत जायचा, रंगूबाई हाताला धरून परत आणायची. पण पाऊस लागला तसा तो झोपायला लागला, दिवसादेखील. मग एक दिवस त्यानं आपण होऊन सांगितलं, "आज बुधवार." खरं तर मंगळवार होता, पण एका दिवसाची चूक शहाण्यालाही होते.

दसरा झाला. मुदत संपली म्हणून कोंडीबा गुलाल घेऊन थेट विहिरीवरच आला, मागून नानासोही. नवा नाडा लावून आकाराम पहिली मोट काढत होता. रंगूबाई पाटाच्या कडेला उभी होती. तो नाड्यावर बसून उतार उतरला, मोट पाटात ओतली गेली. आता बैलांना मागं सारत वर आणायचं होतं. उलट्या पावलांनी तो थोडा आला, आणि डोळे मिटून त्यानं बैलाचं वशिंड धरलं. कोंडीबा आशेनं पुढं झाला. आकाराम झुलला नाही. घेरी ओसरेपर्यंत तसाच उभा राहिला, मग पाऊल मागं टाकलं, पुन्हा एक, आणि वर पोचला.

"झाड वाळलं," कोंडीबा पुटपुटला.

तेवढ्यात नानासो गरजले, "आकाराम, डावा बैल आखडून धर!"

"तुमी गप बसा वं नानासो! मोट मी हाकतोय!" आकाराम एवढ्यानं ओरडला की विहिरीवरची पारवं उडाली.

कोंडीबाचा हात झटकन गुलालात गेला. "आला! आला बगा!"

"हात काडा," रंगूबाई म्हणाली. "डोस्कं पयल्यासारकं हुईल तवा हुईल. पर ह्यो राग देवाचा न्हाई आता, आमच्या घरचाच झालाय."

आकाराम तोवर नाड्यावर बसला होता.