तुकड्यांची मॅक्सी

माझे सगळे कपडे पांढरे होते. हसू नका, खरंच. शाळेचा गणवेश पांढरा, रविवारी विहारात वंदनेला जायचे ते पांढरे, आणि उरलेल्या दिवसांसाठी वडील आणायचे ते पॉपलीनही पांढरंच. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. भिवपुरीच्या वीजघरात ते कामाला होते आणि क्वार्टर्सच्या आमच्या ओळीत त्यांच्या शर्टाएवढी कडक इस्त्री कुणाचीच नसे. कोळशाची इस्त्री ते स्वतः फिरवत, आईलासुद्धा हात लावू देत नसत. "आपन नीट दिसलं पायजे," एवढंच म्हणायचे.

नीट दिसून दिसून मला वीट आला होता. तेव्हाच्या अकरावी मॅट्रिकमधली मुलगी मी, डोक्याने तापट, आणि कपड्यांचं वेड असं की कर्जतच्या बाजारातून जाताना मी माणसं बघतच नसे, बाह्या आणि गळे बघायची. एकदा शेंगदाण्याच्या पुडीचा कागद उलगडला तर त्यावर एका बाईचं चित्र. पायघोळ मॅक्सी, आणि ती अख्खी रंगीबेरंगी तुकडे जोडून शिवलेली. शाळेच्या गॅदरिंगला गणवेशाची सक्ती नव्हती. झालं, मला तीच घालायची होती.

कापड मागायची सोय नव्हती, मागितलं तर पांढरं आलं असतं. मग बाजारातल्या शिंप्याला गाठलं. मशीनखाली साठलेल्या चिंध्या तो तशाही चुलीत घालायचा. "ने गं, पिशवीभर ने," म्हणाला. महिनाभर मी शेजारच्या काकूंच्या मशीनवर बसले. जांभळ्याशेजारी हळदी, मध्येच कुणाच्या तरी ब्लाउजचा जरीचा तुकडा. खोटं कशाला बोलू, मॅक्सी झक्क झाली होती. इतकं माझं असं काही माझ्या हातून त्याआधी झालं नव्हतं आणि नंतरही झालं नाही.

गॅदरिंगच्या सकाळी ती घालून मी बाहेरच्या खोलीत आले. दादा शर्टाला इस्त्री करत होते.

"हे कापड कुटलं गं?"

मी तोऱ्यात सांगितलं, शिंप्याकडचे उरलेले तुकडे, फुकट मिळाले. वाटलं, खूश होतील.

ते ओरडले असते तर मी भांडले असते, भांडणात मी कुणाला ऐकत नाही. पण ते इस्त्री बाजूला ठेवून खालीच बसले. म्हणाले, "माज्या आज्याला नवं कापड घालायची सोय नव्हती. लोकांनी टाकलेलं, मढ्यावरचं, ते आमच्या अंगावर. माज्या आयनं तसल्याच चिंध्या जोडून मला सदरा शिवला व्हता. असाच, रंगीत." शेवटी म्हणाले, "काड ते."

मी काढली. गॅदरिंगला पांढऱ्यातच गेले आणि एका कोपऱ्यात बसून राहिले. राग मावत नव्हता, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं. दादांचं चुकलं असतं तर बरं झालं असतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली.

पगार झाला तेव्हा दादा कर्जतहून एक पुडकं घेऊन आले. आत चार कापडं, जांभळं, हळदी, लाल, मोरपिशी. एकेक अख्ख्या मॅक्सीला पुरेल एवढं.

"कोरी हायत," म्हणाले. "आता काप तुला पायजे तशी."

मी कात्री घेऊन बसले. यांच्या आज्याला जन्मात न मिळालेलं कोरं कापड, आणि त्याच्या चिंध्या मी करायच्या? हातच चालेना. आणि अख्खं शिवावं, तर ते मला नको होतं. घडी घालून ठेवून दिली. दादांना मात्र मी शिवलेली बघायची होती. दर रविवारी विहाराला निघताना विचारायचे, "शिवलीस काय गं?" मी म्हणायची, परीक्षा होऊ दे. परीक्षा झाली, मग दुसरं कारण, मग तिसरं.

लग्नालाही आमच्यात पांढरीच साडी. सासरी निघताना दादांनी माझ्या ट्रंकेचं झाकण स्वतः उघडून पाहिलं.

"कापडं घेतलीस ना? तिकडं निवांत शीव."

मी हो म्हटलं. ती चारही अजून आहेत, घडीवर विरलेली. दादा गेल्याला बरीच वर्षं झाली, पण कात्री लावायचा धीर मला अजून होत नाही.