खोळमास्तर हवा आणायला निघाले

खोळमास्तरांच्या घरात उघडं असं काही नव्हतं. फ्रिजला खोळ, मिक्सरला खोळ, टीव्हीच्या रिमोटला खोळ, पाण्याच्या जारला तर झालरवाली खोळ. उभा जन्म त्यांनी लोकांच्या सोफ्यांना आणि गाद्यांना कपडे चढवण्यात घालवला होता. वस्तू नुसती समोर आली की बोटांना तिचं माप कळायचं. बायको म्हणायची, "मी जरा एका जागी बसले ना, तर मलाही शिवून टाकतील हे."

खोळ नव्हती ती फक्त दोन मांजरांना. एक पुढारी, शेपूट उभारून सगळ्यांच्या पुढे चालणारा बोका. दुसरी त्याची बहीण, विरोधक. तो जे करेल त्यावर ती गुरगुरायची.

या दोघांपायी आठ वर्षांची नात आजोळी राहायला यायची बंद झाली होती. आली की तासाभरात नाक लाल, डोळे सुजलेले, छातीत शिट्टी. या सुट्टीत मात्र डॉक्टर म्हणाले होते, मांजरं तिच्या खोलीबाहेर ठेवा, पांघरुणं धुतलेली द्या, औषध चालू राहू द्या आणि खोलीत हवा शुद्ध करणारं यंत्र लावा. खात्री नाही, पण फरक पडू शकेल.

"बाबा, एक रात्र बघू," लेकीने फोनवर सांगितलं. "त्रास झाला तर दुसऱ्या दिवशी घेऊन जाईन. मग मात्र एक तर मांजरं, नाही तर ती. तुम्हीच ठरवा."

"ठरवायचंय काय? जमणारच!" मास्तर एवढ्या जोरात म्हणाले की विरोधक पलंगाखाली पळाली.

त्याच दुपारी नवरा-बायको दुकानात. विक्रेत्याने केसांना चोपडून तेल लावलं होतं आणि जिभेलाही. "काका, हे घ्या. सात रंगांचे दिवे, सुगंधाची कुपी, शिवाय आयन सोडतं."

"आम्हाला सोडायचं नाही हो, पकडायचंय," मास्तर म्हणाले. "मांजराचे केस, अंगचा कोंडा." लेकीने बजावलं होतं की ओझोन सोडणारं नको, छातीला वाईट. फिल्टर हेपाचा हवा, अगदी बारीक कणही अडवणारा. आणि यंत्र खोलीच्या मानाने लहान नको.

"खोलीचं माप काय?"

मास्तरांचा चेहरा असा खुलला की बघत राहावं. जन्मभर त्यांनी हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला होता. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांना विचारत होतं! "कोनाड्यासकट सांगू की कोनाडा वगळून?"

मग त्यांनी फिल्टर बाहेर काढायला लावला आणि तिथेच हरखून गेले. "अगं, चुण्या बघ! केवढ्या बारीक! एवढ्याशा डब्यात चादरीएवढं कापड बसवलंय लेकाच्यांनी!"

"हळू बोला, लोक बघतायत." बायकोने पदर सावरला आणि विक्रेत्याकडे वळली. "आवाज किती करतं? आमचा पुढारी घाबरतो आवाजाला."

"पुढाऱ्याला त्या खोलीत जायचंच नाहीये."

"ते झालंच हो. पण दाराबाहेर बसला तर?"

शेवटी पसंत पडलं ते पांढरं, ढोलासारखं गोल यंत्र. आत कोळशाचा थर, वासासाठी. बाहेर धुता येणारी जाळी, केसांसाठी. अंगभर बारीक भोकं, वरून गार झुळूक, आणि पुढे एक दिवा, हवा खराब असली की लाल, शुद्ध झाली की हिरवा. मास्तरांनी ते बाळासारखं मांडीवर घेऊन घरी आणलं. माहितीपत्रकाला आधी प्लास्टिकची खोळ घातली, आणि त्या गडबडीत वाचायचं राहून गेलं.

मग ते शिलाई मशीनवर बसले. जाड निळं कापड, कडेला पांढरी पायपिंग, मागे बांधायला नाड्या. झुळूक वरून येते म्हणून वरचा भाग मोकळा सोडला. दिव्यासाठी खिडकी ठेवली. "बाकी एवढी भोकं उघडी राहिली तर धूळ नाही का जाणार आत?" ते म्हणाले. बायकोलाही पटलं.

संध्याकाळी नात आली. यंत्र बघून म्हणाली, "आजोबा, हे शाळेत चाललंय का? युनिफॉर्म घातलाय!" सगळे पोट धरून हसले.

सकाळी कुणी हसलं नाही. पोरीचं नाक लाल, छातीत शिट्टी, आणि खिडकीतून दिसणारा दिवाही लाल. औषध देऊन बायकोने लेकीला फोन केला. "संध्याकाळी येते न्यायला," लेक म्हणाली. तिचा आवाज रागाचा नव्हता, तेच जास्त लागलं. बायकोने नातीची पिशवी भरली. मग खोलीच्या दाराबाहेर पुढाऱ्याला मांडीवर घेऊन बसली आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "माझ्या भावाच्या गोदामात उंदीर फार झालेत म्हणे. त्याला दोन मांजरं हवीच असतील."

मास्तरांना ते ऐकवेना. "फसवलं त्या तेल चोपडलेल्याने! आत्ताच्या आत्ता परत नेतो!" यंत्र उचलायला वाकले आणि थांबले. खोळ आपली, ती दुकानदाराला का म्हणून द्यायची? त्यांनी नाड्या सोडल्या, खोळ वर ओढली.

यंत्र चालूच होतं. खोळ निघाली मात्र, ते असं घोंघावलं की पडदा फडफडला आणि नातीच्या बटा कपाळावरून उडाल्या. "आजोबा, याला दम आला!"

मास्तर हातातल्या खोळीकडे बघत राहिले. निळ्या कापडावर बाहेरच्या बाजूने केस चिकटले होते, रांगेने ठिपके काढल्यासारखे. जिथे जिथे आत भोक, तिथे तिथे एक ठिपका.

"अगं ए!" ते किंचाळले. "हवा इकडून आत जाते! मी त्याचं नाक शिवलं!"

बायकोला आधी कळलं नाही, मग कळलं, आणि ती हसता हसता जमिनीवरच बसली. "जगात असा एकच माणूस. आणि तो माझ्याच वाट्याला!"

मग घरात धांदल उडाली. चादरी पुन्हा धुतल्या, फरशी ओल्या फडक्याने पुसली, मांजरांना स्वयंपाकघरात लावून दिलं, खोलीचं दार बंद. तिघंही यंत्रासमोर मांडी घालून बसले. लाल दिवा नारिंगी झाला तेव्हा नातीने टाळ्या वाजवल्या. हिरवा झाला तेव्हा मास्तर उठून नाचले, आणि यंत्राला धूळ नको म्हणून बायकोने त्यांना खाली बसवलं.

संध्याकाळी लेक आली तेव्हा पोरगी गाढ झोपली होती, तोंड मिटून. लेक वाकली, तिच्या छातीला कान लावला. मास्तरांनी स्वतःचा श्वास रोखून धरला.

"शिट्टी जवळजवळ नाहीये," ती कुजबुजली. तिने भरलेली पिशवी उचलली, क्षणभर हातात तोलली आणि कपाटात ठेवली. "आई, आज मीही इथेच झोपते. सकाळी बघू."

मास्तरांना ओरडायचं होतं. बायकोने आधीच त्यांच्या तोंडावर हात ठेवला होता.